हेडलंडच्या आजींना, चार वर्षं उशिरा

प्रिय आजी,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या गावात सगळे तुम्हाला नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला असं नावाने बोलवायला माझी जीभ वळेना, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात ‘आजी’ म्हणायला लागले आणि तुम्ही लगेच ओ दिलीत. इंग्रजीतलं पत्र तुमच्या मुलाच्या हातात वेगळं पडेल. हे मराठीत लिहिते आहे, कारण तुम्हीच एकदा म्हणाला होतात, बापासाठीची प्रार्थना बापाच्या भाषेत कर. शिवाय तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

मी जालना जिल्ह्यातल्या कापूसवाल्या घरातली. अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात शिकत होते आणि भुईमुगाच्या चाचण्यांसाठी हेडलंडच्या संशोधन केंद्रावर येऊन राहिले होते. तुमच्या शेताच्या कडेचं ते दोन खोल्यांचं लाकडी घर मला भाड्याने मिळालं. २०२१ चा मे महिना. तुमच्याकडे भुईमुगाची पेरणी चाललेली, आणि इकडे दुसऱ्या लाटेत पप्पा प्रभूमध्ये निजले. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते. गेले असते तर परत कधी येता येईल ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि पोचेपर्यंत दफन उरकलेलं असणार हेही ठाऊक होतं. जालन्यात सकाळचे नऊ, तेव्हा हेडलंडला आदल्या रात्रीचे साडेदहा. चुलत भावाने फोन धरला होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली चार माणसं आणि मातीचा ढीग, एवढंच दिसलं. पाळकसाहेबांचा आवाज मास्कमधून येत होता, तोही तुटत तुटत.

इतक्या रात्री माझ्याकडे दिवा दिसला म्हणून तुम्ही टॉर्च घेऊन आलात. काय झालं ते मी सांगितलं. तुम्ही माझ्या पायरीवर बसलात आणि पहाटेपर्यंत उठला नाहीत. त्या रात्री तुम्ही पवित्र शास्त्रातलं एकही वचन मला ऐकवलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे, आजी. नंतर फोनवर कितीतरी जणांनी ऐकवलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण कानावर पडायचं आणि तिथूनच परत जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर भांडी ठेवायला जागा उरली नव्हती. कोंबडी घालून भट्टीत भाजलेला भात, उकडलेली अंडी, मक्याची भाकरी (आमच्याकडे ती तव्यावर थापतात, तुम्ही बिडाच्या कढईत भाजता), लोण्याचा जड केक. चर्चमधल्या ज्या बायकांना मी फक्त तोंडओळखीने जाणत होते, त्यांच्या घरचं अन्न. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेनाने नाव. मी ती नावं वहीत उतरवून घेत होते, कुणाचं काय परत करायचं ते चुकू नये म्हणून. तुम्ही वही मिटवलीत आणि म्हणालात, ‘ते माझं काम.’ चार दिवसांनी येऊन सगळी भांडी घासलीत आणि गाडीत घालून घरोघर पोचवलीत.

आपल्याकडे काय, तिकडे काय, दुःखाच्या घरी माणसं सहज म्हणून जातात, ‘काही लागलं तर सांग हं.’ मीसुद्धा अनेकांना म्हटलं आहे, आणि म्हणून झालं की मोकळी झाले आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तेच आहे ना, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणणाऱ्यांबद्दल. शब्बाथ शाळेत मी तो भाग तोंडपाठ म्हणून बक्षीस मिळवलं होतं. त्याचा अर्थ मला तुमच्या त्या घासलेल्या भांड्यांनी सांगितला. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत काय लागेल म्हणून. आलात आणि केलंत.

बुधवारच्या प्रार्थनेआधी तुमचा फोन आला होता. पप्पांचं नाव कसं उच्चारायचं? माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत, स्वतः पाचसहा वेळा म्हणून पाहिलंत. अडखळत का होईना, ते नाव त्या छोट्या बाप्टिस्ट चर्चमध्ये तुमच्या तोंडून पूर्ण आलं. मागच्या बाकावर मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडले.

आता त्या दिवसाबद्दल लिहायचं, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. जूनमध्ये तुम्ही मला एंटरप्राइज नावाच्या गावाला नेलंत, किड्याचा पुतळा दाखवायला. भर रस्त्यात कारंजं, त्यात ग्रीक पोशाखातली बाई, आणि तिने दोन्ही हात उंच करून धरलेला कापसाचा भुंगा. आपली बोंडअळी ही पतंगाची अळी, तिकडचा हा सोंडेचा भुंगा. धंदा दोघांचा एकच, बोंड आतून पोखरायचं. मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरलेला हा किडा १९१० च्या सुमाराला अलाबामात पोचला आणि काही वर्षांत त्या भागातला कापूस बसला. कर्जात गेलेल्या शेतकऱ्यांनी भुईमूग धरला. दोन-तीन हंगामांत एंटरप्राइजचा तो जिल्हा, कॉफी काउंटी, भुईमुगासाठी नावाजला, हातात पैसा आला, आणि ११ डिसेंबर १९१९ ला गावाने किड्याचे आभार मानणारं स्मारक उभं केलं. भुईमूग, रताळी, चवळी लावा, कापसाने थकलेली जमीन सावरेल, असं अलाबामातल्याच टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतून शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कितीतरी आधीपासून सांगत होते. गुलामीत जन्मलेला तो माणूस आठवडाभर शेती शिकवायचा आणि रविवारी विद्यार्थ्यांना पवित्र शास्त्र.

मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, बघ पोरी, देव वाइटातून चांगलं करतो. मी मनातून आखडून बसले होते. २०१७ साली आमचा कापूस बोंडअळीने नेला, तेव्हा हेच वाक्य मी पप्पांना ऐकवलं होतं. ते काही बोलले नाहीत, उठून शेताकडे गेले. तुम्ही मात्र कारंज्याच्या कठड्याला टेकून म्हणालात, ‘साल बघ. किडा आला तेव्हा कुणी पुतळा उभारला नाही. त्या वर्षी लोक नुसते रडले. आणि तो किडासुद्धा तिच्या हातात १९४९ ला आला, तीस वर्षांनी. तुला आज कुणी आभार मान म्हणालं तर ऐकू नकोस.’

मग गाडीत बसल्यावर, किल्ली फिरवण्याआधी, तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. आभार मानायला शिल्लक कोण होतं तेही बघ, म्हणालात. वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारी किती काळी कुटुंबं कापूस गेल्यावर उत्तरेला निघून गेली. किडा हे एकच कारण नव्हतं, गोऱ्यांची दहशतही होती. पुतळा त्यांनी उभारलेला नाही. आणि तिथूनच तुम्ही १९६३ वर आलात. सप्टेंबरातला रविवार, अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये क्लॅनवाल्यांचा, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या कू क्लक्स क्लॅन टोळीचा बॉम्ब, चार मुली गेल्या. तुम्ही तेव्हा वीस वर्षांच्या. ‘त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये गाणी झाली, उपदेश झाला, त्या मुलींबद्दल कुणी शब्द काढला नाही. मीही नाही. माझ्याकडे तोंड होतं.’ एवढंच बोलून तुम्ही गाडी सुरू केलीत. मी काही विचारलं नाही. नंतर मला तुमच्या त्या रात्रीच्या पायरीवरच्या बसण्याची आठवण आली, बुधवारच्या त्या नावाचीही. तुम्ही काही फेडत होतात का, असा प्रश्न मी तुम्हाला कधी केला नाही, आणि आजही करत नाही. पण जिचा विश्वास इतका पक्का तिला स्वतःची चूक भाड्याने राहणाऱ्या परक्या पोरीपुढे अशी सरळ मांडता येते, हे मी त्याआधी कुठल्याही मंडळीत पाहिलं नव्हतं. माझ्याही नाही. आमच्या मंडळीत कुणाशेजारी कोण बसत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. परत आल्यावर मी ते एकदा बोलून दाखवलं. फार आवडलं नाही लोकांना. तरी बोलले.

बाकी किती आठवतं! जूनअखेरीला ओसरीवर बसून आपण जांभळ्या टरफलाची चवळी सोलायचो, दोन दिवस बोटं जांभळी राहायची. आणि सप्टेंबरात तुम्ही वेल उपटून मांडीवर घ्यायचात. खिशातल्या चाकूच्या पात्याने शेंगेचं वरचं साल हलकेच खरवडायचात. आतला रंग पांढरट, पिवळा, नारिंगी की काळा, त्यावरून शेंग किती पिकली ते कळायचं. माझ्याकडे केंद्रावरचा रंगांचा तक्ता असायचा, तुम्हाला तो लागायचा नाही. ‘अजून दहा दिवस,’ म्हणायचात, आणि तक्ताही बहुतेक तेच म्हणायचा. मग खारट पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा. पहिला दाणा तोंडात टाकला तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, ही चव आमच्या घरची आहे. तुमचा विश्वास बसला नव्हता, आठवतं?

हे पत्र २०२१ मध्येच लिहायला हवं होतं. दोनदा बसले, दोन्ही वेळा पहिल्या ओळीवर अडकले. आभार लिहिले तर जे झालं ते बरं झालं, असं होईल की काय, ही भीती होती. आता तसं वाटत नाही. पप्पा गेले ते वाईटच झालं. आणि तुम्ही आलात. दोन्ही आहे तसं लिहिता येतं, एवढं मला चार वर्षांत जमलं आहे.

तुमचं एक काचेचं भांडं चुकून माझ्या सामानात आलं, ते अजून जालन्यात आहे. आई त्यात दही लावते. तळाची चिकटपट्टी तिने काढू दिलेली नाही, घासताना बोटाने तेवढा भाग राखून घासते. तुमच्या नावातली शेवटची दोन अक्षरं पुसली आहेत, बाकीची वाचता येतात.

तुमची,
कडेच्या घरातली पोरगी