छायाचित्रातला अर्जुन नव्हे, ऐन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील जंगलावरील बातमीसोबत आपण छापलेल्या छायाचित्राखाली 'अर्जुन वृक्ष' अशी ओळ होती. झाड ऐनाचे होते. चूक लहानच, पण तिचा भुर्दंड झाडाला पडतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

दोघेही टर्मिनालिया या वंशातले. हिरडा, बेहडा, किंजळ हेही त्यांचे भाऊबंद. पाने बरीचशी सारखी, फळे दोघांचीही पाच पंखांची. खोड मात्र फसवत नाही. ऐनाची साल जाड, काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. अर्जुनाचे खोड गुळगुळीत नि फिकट. त्याचे पापुद्रे सुटून पडतात. फळ हाती लागलेच तर पंखांवरच्या शिरा पाहाव्यात. ऐनात त्या आडव्या, थेट कडेपर्यंत जातात; अर्जुनात वरच्या बाजूला वळतात. अर्जुन नदी-ओढ्याकाठचा, ऐन जांबोटी-लोंढ्याकडच्या पानझडी रानातला. आपले कन्नडभाषक शेजारी अर्जुनाला होळेमत्ती आणि ऐनाला करीमत्ती म्हणतात, त्यांचा सहसा घोळ होत नाही.

आयुर्वेदात हृदयविकारावर सांगितली आहे ती अर्जुनाची साल. 'अर्जुन' म्हटले की कोयता घेऊन निघणारे आपल्याकडे कमी नाहीत. (डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून काढे पिणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.) रस्त्याकडेच्या ऐनाचीही साल अशीच निघते. खोडाभोवती पूर्ण कडे सोलले की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळते. अर्जुनाचेही तसे सोलून भले होत नाहीच.

ऐनाची थोरवी वेगळी आहे. टिकाऊ लाकूड, टसर रेशमाच्या अळीला पाला, आणि भर उन्हाळ्यात खोडात साठलेले पाणी! 2024 मध्ये आंध्रातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनकर्मचाऱ्यांनी ऐनाच्या खोडाला छेद देताच पाण्याची धार लागली, ती चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. तसला प्रयोग मात्र कुणी इथे करू नये.

आपण दुरुस्ती छापावी, ही विनंती. पावसाळ्यात रोपे लावणाऱ्या मंडळांनीही तळ्याकाठी अर्जुन आणि माळाच्या उतारावर ऐन लावावा. रोप लहान असताना सालीची खूण उपयोगी पडत नाही. तेव्हा बी कोणत्या झाडाखालून वेचले, ते रोपवाटिकेतल्या वाफ्यावरच लिहून ठेवावे.

आपला,
एक वाचक, खानापूर