पार्सल पोचले, पैसे मात्र परत गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येवल्यात आमचे पैठणीचे लहानसे दुकान आहे आणि दुकानाबरोबरच आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरूनही साड्या विकतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी १४,८०० रुपयांची एक पैठणी पुण्याच्या ग्राहकाला कुरिअरने पाठवली आणि तिसऱ्या दिवशी ‘डिलिव्हर्ड’ असा संदेशही आला. संक्रांतीच्या तोंडावर पेमेंट गेटवेचा, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन आमच्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीचा, मेल आला, की ‘माल मिळालाच नाही’ अशी तक्रार ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडे केली असून ती रक्कम आमच्या पुढच्या जमेतून वळती करण्यात आली आहे. काही म्हणायचे असल्यास सात दिवसांत पुरावा द्यावा. आम्ही बिल, कुरिअरची पावती आणि पोचेची प्रत पाठवली. त्या प्रतीवर सहीच्या जागी एक आडवी रेघ होती आणि नावाच्या जागी ‘सिक्युरिटी’ एवढेच लिहिलेले होते. निकाल आमच्या विरोधात गेला.

ग्राहक खोटे बोलला असे माझे म्हणणे नाही. पार्सल सोसायटीच्या फाटकावरून कुठे गेले, हे आजही कोणी सांगू शकत नाही. पण ज्याच्या हातून ते शेवटचे सुटले त्या कुरिअरला एका पैशाची तोशीस नाही, गेटवेचे कमिशन कापलेलेच, आणि विणकराची मजुरी आधीच चुकती केलेल्या दुकानदाराची मात्र साडीही गेली व पैसेही गेले. कार्डाच्या व्यवहारात अशी तक्रार, म्हणजे चार्जबॅक, साधारणपणे १२० दिवसांपर्यंत करता येते. तोवर पोचेचा धड कागद तरी कुरिअरकडे सापडतो का, हा प्रश्नच आहे.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले, ते योग्यच आहे. मीही ऑनलाइन खरेदी करते. मात्र माल खरोखर हाती पडला की नाही, हे कोणत्या पुराव्यावर ठरवायचे, याचा एकच स्पष्ट नियम सर्व बँकांना लागू असायला हवा. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टात पाच रुपये (जीएसटी वेगळा) जादा भरले, की ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हाती दिले जात नाही. अशा ओटीपीची नोंद असेल तर ‘माल मिळाला नाही’ ही तक्रार केवळ ग्राहकाच्या शब्दावर मान्य होऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ठरवून द्यावे. शिवाय ग्राहकांचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे बँकेतल्या वेगळ्या राखीव खात्यात, ठेवण्याचे बंधन बँकेतर पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांवर, म्हणजे विक्रेत्यांसाठी असे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांवर, २०२० पासून आहेच. तेव्हा वादातली रक्कम निकाल लागेपर्यंत त्याच खात्यात राहू द्यावी, ती आधीच विक्रेत्याच्या जमेतून कापू नये.

माल बदलून परत येण्याच्या प्रकारांतही साधा उपाय हाताशी आहे. पार्सलचे वजन जाताना पावतीवर छापलेले असते. परत येतानाही ते करून दोन्ही आकडे बँकेपुढे ठेवायला काहीच हरकत नसावी. आमची एक साडी जाताना डब्यासकट ९२० ग्रॅम होती, परत आलेला तोच डबा ५४० ग्रॅम भरला आणि आत नायलॉनची छापील साडी निघाली. तक्रारीला द्यायच्या उत्तराच्या ऑनलाइन अर्जात वजन लिहायला रकानाच नव्हता.

— एक पैठणी विक्रेती, येवला (जि. नाशिक)