नववीत धरलेले बोट दहावीला का सोडता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुपवाड एमआयडीसीत माझे छोटे मशिन शॉप आहे. चार लेथ (धातूचा तुकडा गोल फिरवून कापणारी यंत्रे), एक मिलिंग आणि हप्त्यावर घेतलेले एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे यंत्र. पंपाचे शाफ्ट आणि बुश करून देतो. सध्या दहावीनंतरच्या प्रवेशांची धांदल चालू आहे. रोज कोणीतरी ओळखीचे विचारायला येते, पोराला कुठे घालू? त्यातल्या एका मुलीमुळे हे पत्र लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेतली नववीची मुले इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी माझ्याकडे आली होती. त्या शाळेत सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून व्यवसाय शिक्षणाचा विषय आहे. वीस-बावीस मुले आणि एक तरुण ट्रेनर. बाकीची मुले सीएनसीच्या काचेला नाक लावून उभी राहिली, ही मुलगी मात्र जुन्या लेथपाशी थांबली. कारागीर टेपर मारत होता, म्हणजे तुकडा एका टोकाकडे निमुळता करत होता. मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान ३० आणि लांबी ५०. हत्यार धरणारी स्लाइड नेमकी किती अंशांत फिरवायची हे कसे ठरवता, असे तिने विचारले. मी खडूने फरशीवर त्रिकोण काढला. चाळीसातून तीस वजा केले, त्याला लांबीच्या दुपटीने भागले, ०.१ आले. ज्या कोनाचा टॅन ०.१ तो आपला कोन, म्हणजे ५ अंश ४३ मिनिटे.

पुढच्या वर्षी दहावीत त्रिकोणमितीचा धडा आला, तशी ती वही घेऊन परत आली. म्हणाली, "काका, पुस्तकात तीस, पंचेचाळीस आणि साठचंच कोष्टक आहे. पाच अंशाचा टॅन कुठनं आणायचा?"

तीस वर्षे मी कामावर पोरे ठेवतो आहे, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिला टॅनचे पूर्ण कोष्टक दिले. त्यानंतर वर्षभर ती शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर यायची. चालू यंत्राला मी तिला हात लावू दिला नाही. त्या वयाच्या मुलांना मशिनवर उभे करू नये, हे मला पटते. पण व्हर्नियर या बारीक मोजमापाच्या पट्टीने जॉब, म्हणजे यंत्रावर केलेला भाग, मोजणे, ड्रॉइंग वाचणे, कुठला व्यास कितीने चुकला ते वहीत लिहिणे, एवढे ती शिकली. अकरावीच्या फिजिक्सला मुले व्हर्नियरची आकृती पाठ करतात, हिने दहावीतच शे-दीडशे बुश मोजले. तिचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात.

आता दहावी झाली. व्यवसाय विषयातही तिला चांगले गुण पडले, ते टक्केवारीत धरले गेले आणि तिथेच विषय संपला. तिच्या शाळेत अकरावी नाही. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात नंबर लागतो आहे तिथे हा विषय नाही. आयटीआयला गेली किंवा डिप्लोमाला गेली, तरी पहिल्या दिवशी तिच्या हातात कानस देऊन अगदी पहिल्यापासून सुरुवात. नववी-दहावीची दोन वर्षे, वर्कशॉपमधले शनिवार, यांत शिकलेले पुढच्या अभ्यासक्रमात कुठे धरत नाहीत. नववीत बोट धरून एका वाटेवर आणायचे आणि दहावीच्या निकालादिवशी ते सोडून द्यायचे, याला मार्ग दाखवणे म्हणत नाहीत.

मी हे इतके मनाला लावून घेतो याला माझे कारण आहे. माझे गाव खटाव तालुक्यात, दुष्काळी पट्ट्यातले. मला गणित आवडायचे. दहावीनंतर लवकर हाताला काम मिळेल म्हणून मी अकरावीला किमान कौशल्याचा व्यवसाय अभ्यासक्रम घेतला. शासनाने ते अभ्यासक्रम नुकतेच सुरू केले होते. इंग्रजी, मराठी, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम आणि बाकी सगळे ट्रेडचे पेपर. ट्रेड छान शिकवला, शिक्षकांनी जीव ओतला, आजही त्यांच्याच शिकवण्यावर माझे शॉप चालते. पण त्यात गणित नव्हते, फिजिक्स नव्हते. बारावीनंतर इंजिनिअरिंगची चौकशी करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या साहेबांनी गुणपत्रक वरखाली पाहून परत दिले. कौशल्य दिले आणि त्याच्या बदल्यात पुढचे शिक्षण काढून घेतले, असा तो व्यवहार झाला. सतरा वर्षांच्या मुलाला हे आधी कोणी सांगितले नव्हते. म्हणून व्यवसाय शिक्षणाचे नुसते कौतुक कोणी करू लागले की मी विचारतो, त्यात गणित आहे का? पुढे दार आहे का?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने तिकडच्या सरकारी शाळांतल्या एका पद्धतीबद्दल सांगितले. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला २०११ साली पी-टेक नावाची शाळा निघाली. शहराचे शिक्षण खाते, सिटी युनिव्हर्सिटी आणि आयबीएम कंपनी यांनी मिळून ती काढली. नववीत आलेला मुलगा तिथे सहा वर्षांपर्यंत राहतो. शाळेचे प्रमाणपत्र आणि कॉलेजची दोन वर्षांची पदवी, दोन्ही घेऊन बाहेर पडतो. फी नाही. शाळेत असतानाच तो कॉलेजचे विषय घेतो आणि ते पास झाले की कॉलेजातही पास धरतात, पुन्हा शिकायला लावत नाहीत. ही कल्पना त्याहूनही जुनी. तिथल्याच लाग्वार्डिया कॉलेजच्या आवारात १९७४ साली असे हायस्कूल काढले होते आणि त्यात घेतली ती शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुले. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे मात्र कमी गुणांचे पोर दिसले की "टेक्निकलला घाला" म्हणतात आणि हुशार पोराने तिकडे बोट दाखवले की घरात रडारड होते.

अमेरिकेचे सगळे आणून इथे लावा, असे माझे म्हणणे नाही. आपल्याच मातीत याची मुळे आहेत. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, ते आमच्याच खटाव तालुक्यातले. त्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शाळेत शेतीचे धडे असावेत, जोडीला प्रत्यक्ष शिकायला नमुना शेत असावे, असे मागितले होते. वाचन, लेखन, हिशेब यांच्या सोबत, त्यांच्याऐवजी नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था काढण्याआधी ओगल्यांचे काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर विकले होते. कारखाना त्यांना ठाऊक होता. साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका'वर. खोऱ्याने माती ओढणारा मुलगा तिथे बी. ए. होत होता. हात कामाला लागला म्हणून डोक्याची वाट बंद झाली नाही.

आजचे कागदही काही वाईट नाहीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यवसाय शिक्षण शाळेपासून आहे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळेतल्या तासांनाही श्रेयांक (क्रेडिट) आहेत, वर्षाच्या १२०० तासांना ४०. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. माझ्याकडचा एक टर्नर असाच पुढे गेला आणि आज इंजिनिअर आहे. पण त्याला ही वाट मी सांगितली, शाळेने नव्हे. असेच थोडे मागे आणून, नववी-दहावीत शिकलेले आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात का धरत नाहीत? परीक्षा घ्या, हातात करायला जॉब द्या, तो मोजून घ्या. ज्याला येते त्याला तेवढी सूट द्या. खोटे प्रमाणपत्र लेथवर टिकत नाही.

दुसरे, ट्रेनरचे. तो तरुण मुलगा एका बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर होता. त्याचा पगार महिनोन्महिने अडकायचा. दिवाळीत त्याने माझ्याकडून हातउसने पैसे नेले आणि मार्चमध्ये परत आणून दिले, न मागता. पुढच्या जूनमध्ये त्याच्या जागी नवा माणूस आला आणि मुलांची ओळख पुन्हा पहिल्यापासून. शाळेला आलेली टूलकिटची पेटी त्या काळात एकदाच उघडली, कारण हरवले तर भरून कोण देणार? यात त्या मुख्याध्यापकांना दोष देऊन काय मिळणार? जवळच्या आयटीआयचे वर्कशॉप शनिवारी दुपारी शाळांना खुले केले, तर पेटीची गरजच उरणार नाही. तिथे यंत्रे आहेत, निदेशक आहेत, सुरक्षेची शिस्त आहे. आमच्यासारखे शॉपवाले मोजमापाला आणि ड्रॉइंगला मुले घेतील. मी तर घेईनच.

त्या मुलीने डिप्लोमाचा अर्ज भरला आहे, मेकॅनिकलला. विज्ञान घ्यायचे की डिप्लोमा, यावर तिच्या घरी आठवडाभर चर्चा झाली. आई म्हणत होती, मुलीच्या जातीला लेथ कशाला. वडिलांनी मला घरी बोलावले आणि एकच विचारले, "पुढं शिकता येईल न्हवं?" या वेळी मला हो म्हणता आले. माझ्या वडिलांना असे उत्तर देणारे कोणी भेटले नव्हते.

एक राहिले. माझा पहिला लेथ, साडेचार फुटी, बेल्टवाला, आता कामात नाही. तो एखाद्या शाळेला किंवा टेक्निकल हायस्कूलला द्यावा म्हणून दोन ठिकाणी अर्ज दिले. एका ठिकाणी देणगीची नोंद कुठल्या रजिस्टरला करायची यावर अडले, दुसरीकडून उत्तर आले नाही. भंगारवाला दर महिन्याला भाव सांगून जातो. मी बेडला ग्रीस लावून, वर प्लास्टिक टाकून तो शेडमध्ये ठेवला आहे. चक आणि टूल पोस्ट हे त्याचे भागही सोबत देईन, बसवून देईन आणि पहिले सहा महिने शनिवारी येऊन शिकवीनही.

आपला,
एक लेथ कारागीर
कुपवाड, जि. सांगली