पेवासारख्या खाणी आणि भुईवरच्या खुणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात वारसास्थळांविषयी येणारा मजकूर मी आवडीने वाचतो. त्यात लेणी, किल्ले, बारवा आणि मंदिरे असतात. मात्र कष्टकऱ्यांनी जमीन खणून मागे ठेवलेल्या खुणांचा उल्लेख क्वचितच येतो. कोळशाच्या जुन्या खाणींचे अवशेष ही अशीच एक खूण आहे, आणि मराठवाड्याच्या भूमीत कोळसा नसला तरी तिचा आपल्याशी जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात क्ली टेकडीजवळ कॅथर्टन नावाचे गायरान आहे. तेथे गवताखाली जागोजागी गोल खळगे दिसतात आणि खळग्यांभोवती मातीचे कडे असते. हे जुन्या कोळसा खाणींचे अवशेष आहेत. कोळशाचा थर जमिनीलगत असेल तेथे विहिरीसारखा अरुंद खड्डा घ्यायचा, कोळसा लागला की तळाशी चहूबाजूंनी पोखरायचे आणि वरचे छत ढासळेल असे वाटू लागले की तो खड्डा सोडून थोड्या अंतरावर दुसरा घ्यायचा, अशी ही सुरुवातीची पद्धत होती. तिकडे या खाणींना घंटेची उपमा देतात. आपल्याकडच्या माणसाला मात्र धान्याचे पेव म्हटले की तोंड अरुंद आणि पोट मोठे हा आकार लगेच कळतो. उपसा तोंडाभोवती टाकल्यामुळे कडे तयार झाले आणि पुढे आतली पोकळी खचल्यामुळे मध्ये खळगा पडला. आमच्या गावातील जुन्या वाड्याच्या आवारात पेव खचून पडलेला असाच खळगा मी लहानपणी पाहिला आहे.

अशा गायरानावर चालणाऱ्या जाणकाराला जमीन वाचता येते. खळग्यांची रांग ज्या दिशेने जाते, त्या दिशेने कोळशाचा थर जमिनीलगत आलेला असतो. खड्ड्याशेजारी सपाट वर्तुळ आढळले, तर तेथे घोडा गोल फिरवून दोरावर कोळसा वर ओढत असत; चुन्याच्या घाणीभोवती बैलांच्या फिरण्याने पडलेले रिंगण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते ओळखू येईल. ओढ्यात तांबूस गाळ साचत असेल, तर वरच्या अंगाला खाणीतील पाणी काढून देणारा जुना बोगदा असण्याचा संभव असतो, कारण कोळशासोबतच्या गंधकयुक्त लोहखनिजावर हवा-पाण्याची क्रिया होऊन तो गंजाचा रंग येतो. गवताखालचा लांबट भराव हा घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या लाकडी रुळांच्या वाटेचा असू शकतो. डरहॅम परगण्यात अशाच वाटेसाठी १७२५-२६ मध्ये बांधलेला कॉझीचा दगडी कमानपूल आजही उभा आहे.

अर्थात वरून पाहून सर्व काही कळत नाही. लेस्टरशरमधील कोलऑर्टन येथे आधुनिक उघड्या खाणीचे काम चालू असताना १५व्या शतकातील भुयारे उघडी पडली आणि लाकडी आधारांच्या वाढवर्तुळांवरून त्यांचा काळ ठरवता आला. छत पेलण्यासाठी कोळशाचेच खांब मध्ये राखून पद्धतशीर भुयारे नेण्याची रीत तेव्हाच्या खाणकामगारांना अवगत होती, हे त्यातून समजले. तेथे नोंद करणारी माणसे वेळेवर हजर नसती, तर हा पुरावा यंत्राखाली गेला असता.

आता आपल्याकडे वळतो. मराठवाड्यात पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण आहे आणि भारतातील बहुतेक कोळसा त्याहून कितीतरी जुन्या गोंडवन खडकांत सापडतो. पैठण, गंगाखेड, नांदेड करत आपली गोदावरी पुढे गेली की तिच्या खोऱ्यात हे खडक वर येतात. तेथील, आजच्या तेलंगणातील येल्लंदूजवळचा कोळसा भूवैज्ञानिक डॉ. विल्यम किंग यांना १८७१ मध्ये आढळला, १८८६ मध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनीने खाणींचे हक्क घेतले आणि १८८९ पासून उत्खनन सुरू झाले. आजच्या सिंगरेणी या कोळसा कंपनीचा उगम तोच. तेव्हा आपण आणि येल्लंदू एकाच निजामी राज्यात होतो. १९००च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड मीटरगेज गाडी सुरू झाली आणि त्या इंजिनांच्या भट्टीत हा कोळसा पडू लागला. माझे आजोबा याच मार्गावर फायरमन होते. येल्लंदूच्या खाणकामगाराने फोडलेला कोळसा ते फावड्याने भट्टीत टाकत.

या कोळशाच्या खुणा आपल्या रेल्वेमार्गालगत अजून आहेत. राखेचे व खंगराचे ढीग, इंजिनाखालची राख काढण्याचे खड्डे आणि पाणी भरण्याचे लोखंडी खांब ही कोणाला अडगळ वाटते, पण तो इतिहासाचा पुरावा आहे. आमच्या शिवारातील मीटरगेजचा सुटलेला भराव दोन दिवसांत मुरमासाठी उचलला गेला. मी संबंधित कार्यालयात गेलो, तेव्हा ही जागा कोणत्याही यादीत नाही, एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने मला फार दुःख झाले.

म्हणून विनंती अशी की, राज्याच्या पुरातत्त्व विभागाने श्रमाच्या आणि उद्योगाच्या अशा जागांची वेगळी यादी करावी, आणि तोवर गावोगावच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन त्यांची जागा, मोजमाप आणि वृद्धांच्या आठवणी लिहून काढाव्यात. आनंदवन पाहायला आपल्याकडून अनेक सहली वरोऱ्यास जातात. १९०६ मध्ये बंद झालेली वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण त्याच परिसरात होती, हेही मुलांना तेथे सांगावे. आपण वाचकांकडून अशा नोंदी मागवल्यास परभणी ते पूर्णा या पट्ट्यातील माझी टिपणे व छायाचित्रे मी स्वतः कार्यालयात आणून देईन.

आपला वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, परभणी