बँड येत नाही म्हणालीस ते

चि. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आप्पा, आठ महिने झाले, बँड येत नाही." बँड म्हटल्यावर मला आधी वरातीचाच आठवला. मग कळलं, प्रयोग जमला की जेलवर उमटते ती रेघ. पुढे पीएचडी सोडून नोकरी बघते म्हणालीस आणि मी गप्प झालो. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

दिवाळीत तू शास्त्रज्ञ हरगोविंद खोरानांचं सांगितलंस, ते डोक्यातून जात नाही. शंभरेक माणसांचं गाव, वडील पटवारी, शाळा झाडाखाली. लिव्हरपूलची पीएचडी घेऊन, झुरिकला काम करून 1949 साली परत आले, तर आपल्याकडे नोकरी नाही! पुन्हा इंग्लंड, मग 1952 ला कॅनडा. 1968 चं नोबेल सगळे सांगतात. मला आवडला तो यूसी-यूसी-यूसीचा भाग. जनुकांच्या संदेशातली दोनच अक्षरं पुन्हा पुन्हा जोडलेली, पण पेशी वाचते तीन-तीन. म्हणून यूसीयू, सीयूसी, यूसीयू. आणि निघते सेरीन-ल्युसीन या प्रथिनाच्या दोन मण्यांची आलटून-पालटून माळ. अगं, हे तर आमच्या मागावरचं जेकार्ड! पुठ्ठ्यावर भोकं, भोकांप्रमाणे धागा वर, आणि चादरीवर मोर.

तुला तो मान तुटलेला मोर आठवतो? तू सातवीत होतीस. प्रत्येक चादरीत त्याच जागी एक धागा चुकायचा. मालक रोज ओरडायचा. मी चार दिवस पुठ्ठे एकेक करून मोजले, दोन तर नवे पाडून घेतले. पुठ्ठे बरोबरच होते. आतली एक सुई वाकली होती, केसाएवढी. त्या चार दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

तुझ्या कामातलं मला कळत नाही. पण तूच एकदा म्हणाली होतीस, पाण्यातसुद्धा खोट निघते. पाणी बदलून पाहिलंस का? दुसऱ्या कुणाच्या बाटल्या घेऊन एकदा कर. तरीही नाही आलं आणि सोडावंसं वाटलं, तर सरळ घरी ये. अक्कलकोट रोडवर आपल्याला कोण काय विचारतंय ते मी बघतो. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं शेजारचा मुलगा पुण्याला येतोय. त्याच्याजवळ कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली आहे. चटणी प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस, मागच्या वेळी बोलणी खाल्लीस.

तुझे,
आप्पा