३४० रुपयांचं कर्ज आणि अडलेला टेम्पो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कराडच्या एका सहकारी पतसंस्थेत मी ३१ वर्षे नोकरी केली. निवृत्त झालो तरी ओळखीपाळखीची माणसं कर्जाचे कागद दाखवायला घरी येतात. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतला एक मुलगा आला. कुरिअरचं काम करतो. जुन्या टेम्पोसाठी बँकेत अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. ‘काका, मी जन्मात कर्ज काढलेलं नाही,’ असं तो अगदी तळमळून सांगत होता. त्यानं छापून आणलेल्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे नावावरच्या कर्जांच्या नोंदपत्रात, मात्र अकरा कर्जं होती.

पट्टी ठेवून मी एकेक ओळ वाचली. एक कर्ज ६८० रुपयांचं, एक १,२५० चं. नववं ३४० रुपयांचं, आणि त्याच्यापुढे नव्वद दिवसांवर थकीत असल्याची नोंद. मोबाइलचं कव्हर होतं ते. पैसे देताना त्यानं ‘आत्ता घ्या, नंतर द्या’चं बटण दाबलं होतं. देय तारखेला खात्यात शिल्लक नव्हती, वसुली परत गेली आणि बँकेनं जीएसटीसह ५९० रुपये दंड कापला. पुढे पैसे भरायला गेला, तर अ‍ॅप उघडेना. रिपोर्टवर ज्या फायनान्स कंपनीचं नाव होतं, ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

या धंद्याची गोम इथेच आहे. अ‍ॅप गिऱ्हाईक आणतं, पैसा बहुतेक वेळा बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा असतो. अ‍ॅपची कमाई म्हणजे दुकानदाराकडचं कमिशन आणि उशिराचा दंड. तीनचारशे रुपयांच्या उधारीवर कमिशन सुटणार किती? त्यातली थोडी जरी बुडाली, तरी बाकीच्यांवरची कमाई त्यात जाते. त्यात रिझर्व्ह बँकेनं जून २०२२ मध्ये बिगर-बँक कंपन्यांच्या वॉलेट आणि प्रीपेड कार्डांत कर्जाचा पैसा भरायला मनाई केली. जून २०२३ मध्ये अ‍ॅपवाल्यांनी कर्ज बुडाल्यास कर्ज देणाऱ्याला भरून द्यायच्या रकमेच्या हमीवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली. नोव्हेंबरमध्ये विनातारण ग्राहक कर्जांचा जोखीमभार (कर्जापोटी कर्ज देणाऱ्यानं किती भांडवल राखायचं, ते ठरवणारं प्रमाण) १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे पैसा आणखी महाग. फोनपेला विक्रीचा सौदा फिसकटलेली झेस्टमनी ही अशीच उधारीची कंपनी त्याच वर्षअखेरीस बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सिंपल या अशाच दुसऱ्या कंपनीला परवानगीविना पेमेंट व्यवहार केल्याबद्दल ते थांबवायला लावले.

हे निर्बंध मला पूर्ण मान्य आहेत. आम्ही दोन जामीनदार आणि पगारपत्रक पाहिल्याशिवाय पाच हजार देत नव्हतो. माझी तक्रार वेगळी आहे. अ‍ॅप मिटलं की चालवणारे दुसरा धंदा बघतात, कर्जाची नोंद मात्र पोराच्या नावावर राहते. पैसे कुठे भरायचे, दाखला कोण देणार, हे त्याला कुणी सांगत नाही. कर्जाचं माहितीपत्रक कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असावं, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. या मुलाला ते ई-मेलवर इंग्रजीत आलं होतं, न उघडलेलं.

माझी मागणी एवढीच : बटणावरच ‘कर्ज’ हा शब्द आणि कर्ज देणाऱ्याचं नाव मराठीत लिहा. अ‍ॅप बंद करण्याआधी प्रत्येक कर्जदाराला बाकी किती आणि ती कुठल्या खात्यात भरायची, हे लेखी कळवणं सक्तीचं करा. पैसे भरल्यावर ना हरकत दाखला मागायची वेळ येऊ नये, तो आपसूक यावा.

आम्ही फायनान्स कंपनीचा पत्ता शोधून रक्कम भरली, पावती जोडून क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे हा रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढे रोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे, तोही अर्जात लिहिला. आज एकोणिसावा दिवस. टेम्पो विकणारा महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था व्यवस्थापक, कराड