सातपुड्यात बर्फ कधी पडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपुड्याच्या पायथ्याशी होऊ घातलेल्या माउंटन बायकिंग ट्रॅकची बातमी परवाच्या अंकात वाचली. खरे तर आधी फोटो पाहिला आणि चहाचा कप खाली ठेवला. हेल्मेट घातलेला एक गोरा तरुण सायकलसकट हवेत, मागे सूचिपर्णी झाडांची रांग आणि त्यामागे बर्फाच्छादित शिखर. खाली ओळ काय, तर ‘सातपुड्यात रंगणार सायकलस्वारीचा थरार’. साहेब, मी फैजपूरचा. घराच्या गच्चीवरून उत्तरेकडे मान वळवली की सातपुडाच दिसतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा धुरकट दिसतो, श्रावणात हिरवा दिसतो. बर्फ मात्र आमच्याकडे उसाच्या रसाच्या गाडीवरच पाहायला मिळतो. अंजन, सलई, धावडा, साग यांचा एखादा फोटो आपल्या कचेरीत सापडू नये?

फोटोचे एक वेळ सोडून देऊ. बातमीत ‘रुंद, सरळ आणि जागतिक दर्जाचा ट्रॅक’ असे तीन शब्द एका दमात आले आहेत, ते काही सोडवत नाहीत. कारण असा रुंद आणि सरळ ट्रॅक मी एकदा पाहून बसलो आहे.

निवृत्त झालो तेव्हा मुलाने त्याची धूळ खात पडलेली गिअरची सायकल माझ्या गळ्यात मारली. सव्वादोन इंची टायर, पुढे शॉकअप. सुरुवातीला केळीच्या बागांमधल्या पांधीने फिरायचो. मग हळूहळू डोंगराकडे सरकलो. पायथ्याच्या एका पाड्यापासून वरच्या पठारावर जाणारी पाऊलवाट सापडली. (पाड्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर येत्या रविवारी तिथे मोटारींची रांग लागेल. जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेरची आहे, तेव्हा कोणी कायदा काढू नये.) वाट जेमतेम दीड फूट रुंद, गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी झालेली. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे मोहाची फुले वेचायला त्याच वाटेने जायच्या, मे महिन्यात तेंदूपानांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन त्याच वाटेने उतरायच्या. आपण घंटी वाजवायची नाही, सायकल बाजूला घेऊन थांबायचे, एवढे मला पहिल्याच दिवशी कळले.

त्या वाटेत एक जागा होती. चांगला उतार लागलेला, हात ब्रेकवर, आणि मध्येच वाट चार-पाच पावले उलटी वर चढायची आणि पुन्हा उतरायची. मी दरवेळी तिथे गिअर चुकायचो. एकदा चेन निघाली म्हणून हात काळे करत बसलो होतो, तेव्हा गुरे घेऊन निघालेले एक तडवी म्हातारबाबा थांबले. मी म्हटले, बाबा, एवढा उंचवटा खणून काढला तर वाट किती सरळ होईल! ते हसले. म्हणाले, “सरय केली तं पानीबी सरयच जाईन ना, भाऊ.” आणि काठीने दाखवले. चढाच्या अलीकडे वाटेचा दरीकडचा काठ बोटभर उतरता होता आणि तिथून पावसाचे पाणी बाहेर पाल्यात पडल्याची खूण दिसत होती. म्हणजे पाणी वाटेवर दहा-वीस पावलांपेक्षा जास्त चालतच नव्हते.

घरी येऊन मुलाला सांगितले. त्याने मोबाईलवर शोधून दाखवले की जगभर सायकलवाटा आखणारे लोक हेच करतात. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार जास्त नको. सरासरी शंभर फुटांत दहा फूट चढ पुरे. बाहेरचा काठ किंचित खाली. अधूनमधून उलटा चढ, पाणी बाहेर काढण्यासाठी. सरळ उतारावर वाट काढली की ती वाट राहत नाही, ओहोळ होतो. बाबांनी यातले काहीही वाचलेले नव्हते. जागतिक दर्जा म्हणतात तो बहुधा हाच असावा, आणि तो पाड्यावर फुकट मिळत होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथे जेसीबी आला. कोणाचा, कोणत्या योजनेतून, हे लिहीत नाही, कारण विचारायला गेलो तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवले. दहा-बारा फूट रुंद पट्टा वरून खाली सरळसोट काढला. वळणे गेली. तो चार पावलांचा चढ गेला. धावड्याचे एक मूळ वाटेवर आडवे होते, त्यावरून टायर टप् करून उतरायचा, तेही उपटून कडेला टाकले. पायथ्याशी ‘निसर्ग पर्यटन’ अशी हिरवी पाटी लागली. पहिल्या दोन पावसांत वरचा मुरूम वाहून गेला. पोळ्याला गेलो तर मधोमध घळ पडलेली, दिवाळीत पाहिले तर माझ्या गुडघ्याएवढी खोल. खाली नुसते डोक्याएवढे दगड. आता तिथून सायकल जात नाही, गाय जात नाही, मोहाची टोपली घेतलेली बाई तर नाहीच. बायकांनी शेजारून झाडीतून नवी वाट पाडायला घेतली आहे. पाटी मात्र शाबूत आहे.

गंमत पाहा. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सलग समतल चर खोदलेले आहेत. उताराला आडवे, एकाखाली एक, पाणी अडावे, माती थांबावी म्हणून. म्हणजे एका उतारावर पाणी अडवायला पैसे आणि दुसऱ्या उतारावर पाणी पळवायला पैसे. दोन्हीकडे मजुरी मिळाली असेल, तर माझी तक्रार नाही.

बातमीत पुढे ‘पावसाळी सायकल महोत्सवा’चा उल्लेख आहे. ज्यांनी हे ठरवले त्यांनी जुलैत आमच्या पायथ्याच्या काळ्या मातीत सायकल शंभर फूट तरी ढकलून दाखवावी. टायर आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मधे माती अशी बसते की चाक फिरायचेच थांबते. मग सायकल खांद्यावर आणि पायात दोन-दोन किलोचे बूट. वर मुरमाड वाटेवर सायकल चालेल, पण ओल्या वाटेत टायरने पडलेली रेघ पुढच्या पावसाला नाली म्हणून आयती मिळते. दिवाळीनंतर या. होळीपर्यंत छान असते. फक्त हिवराच्या काट्यांसाठी दोन ट्यूब जास्तीच्या आणा, पंक्चरचे दुकान वाटेत नाही.

महोत्सवाच्या प्रवेशशुल्कावरून आठवले, लिहू नये असे वाटत होते, पण लिहितो. मागच्या हिवाळ्यात अभयारण्याच्या एका नाक्यावर मला अडवले. पावतीपुस्तकात जीप होती, कार होती, मोटारसायकल होती, सायकलचा रकाना नव्हता. बराच विचार करून नाक्यावरच्या भाऊंनी ‘दुचाकी’ म्हणून पावती फाडली. मी म्हटले, यात पेट्रोल नाही हो. ते म्हणाले, “काका, चाकं तं दोनच हायेत ना?” यावर मी काय बोलणार! माझ्यामागून तीन जीपा आल्या. एकीत गाणी लागलेली होती. त्या गेल्या. मला मात्र आधार कार्ड मागितले. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, १७७ चौ. किमी. आत जायचे तर परवानगी हवी, हे मला मान्यच आहे. उलट सायकलीला आतल्या पाऊलवाटा बंदच असाव्यात, जीपच्या रस्त्यापुरतीच परवानगी असावी, असे माझे मत आहे. पण हॉर्न न वाजवणाऱ्या वाहनासाठी पावतीपुस्तकात एक रकाना छापायला किती शाई लागते?

आणखी एक, लहानसे. बातमीत पाल हे गाव यावल तालुक्यात टाकले आहे. ते रावेर तालुक्यात आहे. आपल्या वार्ताहराने जळगावला बसून नकाशा पाहिला असेल, तर तो नकाशा तरी सुलटा धरायला हवा होता.

ट्रॅक करायचाच असेल, तर निविदा काढण्याआधी पाड्यावरच्या गुराख्यांना घेऊन आहेत त्या वाटा एकदा चालाव्यात. कुदळ-फावडे घेतलेली दहा माणसे पुरतात, जेसीबी नको. ते बाबा आता थकले आहेत, पण काठी घेऊन पायथ्यापर्यंत येतात.

गेल्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापला होता. या वेळी कापायचे असेल तर पालचा कापावा, घळीचा ठेवावा. घळीचा फोटो माझ्याकडे आहे, हवा असल्यास पाठवतो. मोजायला म्हणून तीत माझीच सायकल उभी केली आहे, तिचे पुढचे चाक दिसत नाही.

आपला,
एक जुना वाचक, फैजपूर